तोडण्याआधी बघा!

जुनी ऑफिसची इमारत दुरुस्तीला काढली, की आपण सिव्हिलवाले तडे आणि गंजलेली सळई बघतो. मी म्हणतो, छपराकडेही बघा. जुने सिमेंटचे पत्रे बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचे असतात. अखंड पत्र्याचा धोका कमी. पण ड्रिल मारलं, करवत चालवली की न दिसणारे तंतू उडून फुप्फुसात बसतात. आजार २०-३० वर्षांनी कळतो. म्हणून पत्रा ओला करून, न फोडता उतरवायचा.

रंगाचंही तसंच. भारतात शिशाची ९० पीपीएमची मर्यादा २०१७ पासून आली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. कोरडं घासू नका. शंका आली तर नमुना लॅबला द्या. धूळ मजुराच्या छातीत जाते, रिपोर्टवर सही मात्र आपली असते!