हात कापला? आधी बोटे तपासा!

पालघरकडे भातकापणीत डाव्या मुठीत भात धरून उजव्या हाताने विळा ओढतात. विळा निसटला की डावा हात कापतो. बोईसर-तारापूरच्या कारखान्यात पत्र्याची धार मनगटाला लागते. रक्त थांबते, टाके पडतात आणि घरचे निश्चिंत होतात. पण आतला मज्जातंतू तुटला असेल तर?

पंजाला जाणारे मुख्य मज्जातंतू तीन. करंगळीचे टोक बधिर झाले, बोटे फाकत नाहीत, तर पहिला दुखावला. तर्जनीचे टोक बधिर, अंगठा करंगळीला टेकत नाही, तर दुसरा. दंडाचे हाड मोडून मनगट लोंबू लागले, तर तिसरा.

जखमेत हळद, तंबाखू भरू नका. स्वच्छ फडक्याने दाबून, हात उंच धरून त्याच दिवशी दवाखाना गाठा. कोणते बोट बधिर आहे ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. तुटलेला तंतू शस्त्रक्रियेने जोडता येतो. तो रोज साधारण १ मिलिमीटर वाढतो. म्हणून मनगटाच्या जखमेनंतर बोटाच्या टोकाशी जाण यायला ६-७ महिने तरी लागतात. तोवर डॉक्टर सांगतील तसा व्यायाम करा, आणि चुलीपाशी जपा. बधिर बोटाला चटका कळत नाही!