केळीच्या मळ्यातला अपघात आणि विम्याचा कायदा

शेतकरी अपघातात गेला किंवा अपंग झाला, तर घर सावरावे म्हणून महाराष्ट्रात २००५-०६ पासून शेतकरी अपघात विमा योजना सुरू झाली. पुढे तिला गोपीनाथ मुंडे यांचे नाव मिळाले. हप्ता सरकार भरी, दाव्याचा निकाल मात्र विमा कंपनीच्या हाती. जळगाव जिल्ह्यातल्या मुक्ताईनगरच्या केळीपट्ट्यात अशा अपघाताला निमित्त लागत नाही. रात्रीची वीज असली की मोटार चालू करायला अंधारात मळ्यात जायचे. ओला हात स्टार्टरला लागतो, वाळलेल्या पानांखाली साप असतो. कंपन्या बारीकसारीक त्रुटी काढून प्रस्ताव परत पाठवतात, ही ओरड वाढली आणि १९ एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने राज्याने मधली कंपनीच काढून टाकली. आता ही योजना सानुग्रह अनुदानाची आहे: मृत्यू किंवा दोन अवयव गेल्यास २ लाख, एक डोळा, हात किंवा पाय गेल्यास १ लाख रुपये. प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायचा. सोबत सातबारा, गाव नमुना ६-क ची वारस नोंद, वयाचा पुरावा, पंचनामा किंवा पोलीस पाटलाचा अहवाल.

बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून घेणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना अजून खरा विमा आहे. तिच्यात सर्पदंशाच्या दाव्याला दवाखान्याची तातडीची नोंद लागते. रुग्णाला आधी मांत्रिकाकडे नेले, तर जीव आणि दावा दोन्ही धोक्यात येतात.

आयुर्विम्यात भांडण निराळे असते. अर्ज एजंट भरतो, विमेदार खुणेच्या जागी सही करतो. ‘मधुमेह आहे का’ यापुढचे ‘नाही’ बहुधा एजंटच्याच अक्षरात असते. माणूस गेल्यावर कंपनी त्याच ‘नाही’वर बोट ठेवते. १९३८ च्या विमा कायद्यातले कलम ४५ इथे कामी येते. २०१५ च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षे उलटलेल्या पॉलिसीवर कंपनीला कोणत्याही कारणाने शंका घेता येत नाही, अगदी फसवणुकीच्याही. तीन वर्षांच्या आत दावा नाकारायचा, तर कारण लेखी द्यावे लागते. फसवणूक नसून केवळ माहिती चुकीची असेल, तर भरलेले हप्ते ९० दिवसांत परत करावे लागतात. मेख वेगळीच आहे. पीक बुडाले, हप्ता थकला, पॉलिसी बंद पडली आणि नंतर चालू करून घेतली, तर तीन वर्षे त्या दिवसापासून नव्याने मोजली जातात.

दावा नाकारला गेल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार द्यावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे शुल्क नाही, वकीलही चालत नाही, आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. दुसरी वाट जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाची. तिथे मुदत दोन वर्षांची. शेतकरी अपघात योजना मात्र विमा राहिली नसल्याने, २०२३ नंतरच्या तिच्या प्रस्तावांना लोकपालाचे दार बंद आहे. कंपनी गेली, तशी कंपनीविरुद्धची ही दादही गेली.