उन्हाळ्यातलं शिंगरू: घाम, ताप आणि गार पाण्याची भीती

बेंगळुरूची हवा गार, तिथे घोड्यांना उन्हाचा कसला त्रास, असं महाराष्ट्रातली माणसं सहज म्हणून जातात. इंदिरानगरात घर केलेले आपले मराठी लोकही मार्च लागेपर्यंत हेच म्हणत असतात. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटर उंच आहे, हे खरं. पण 2016 च्या एप्रिलमध्ये इथला पारा 39.2 अंशांवर गेला होता आणि 2024 च्या एप्रिलअखेर 38.5 वर. एप्रिल हा इथला सगळ्यात तापलेला महिना, आणि शिंगरं अगदी लहान असतात तीही याच सुमाराला.

हा योगायोग नाही. दिवस मोठा होऊ लागला की घोडी माजावर येते आणि अकरा महिने गाभण राहते, म्हणजे वितेही साधारण त्याच ऋतूत. त्यात शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांचं वय भारतात 1 जानेवारीपासून मोजतात. वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्या शिंगराला त्याचा फायदा मिळतो, म्हणून पैदास करणारे जानेवारीपासूनच घोड्या विण्याची आखणी करतात. टिपूच्या काळापासून घोड्यांसाठी ओळखलं जाणारं कुणिगल असो की पुण्याच्या आसपासच्या पागा, हिशेब तोच. त्यामुळे एप्रिलच्या उन्हात उभं असलेलं शिंगरू महिन्या-दोन महिन्यांचं असतं, अंगावर जन्माची दाट लव असते आणि अशक्त वाटलं तर सांगायला तोंड नसतं. धापा टाकू लागलं की आजूबाजूची माणसं प्रेमाने जे उपाय करतात, त्यातले काही त्याच्या जिवावर बेततात. म्हणून हे लिहायला बसलो.

"अंग कोरडं आहे, म्हणजे शिंगरू ठीक आहे"

सगळ्यात धोकादायक समज हा. घोडा माणसासारखाच घाम गाळून अंग थंड ठेवतो. कुत्र्यासारखी जीभ बाहेर काढून धापा टाकून त्याचं भागत नाही. म्हणून कडक उन्हात घोडी घामाने ओली झालेली आणि शेजारी शिंगरू कोरडं ठणठणीत, पण नाकपुड्या फुगवून भराभर श्वास घेतंय, असं दिसलं तर ती धोक्याची खूण समजावी. त्याच्या घामग्रंथी काम करत नसतील, तर आतली उष्णता बाहेर पडायचा मुख्य रस्ताच बंद झालेला असतो.

या विकाराला पशुवैद्यक अ‍ॅनहायड्रोसिस म्हणतात. त्याच्या जुन्या नोंदी आपल्याच भागातल्या आहेत: इंग्रजांच्या अमलात थंड मुलखातून भारतात आणि मलायात आणलेल्या शर्यतीच्या व पोलोच्या घोड्यांचा घाम इथल्या दमट उन्हात हळूहळू आटत गेला. त्यावरून अनेकांचा असा समज झाला की हा परदेशी घोड्यांचाच आजार. तसं नाही. याच हवेत जन्मलेल्या घोड्यांनाही तो होतो, शिंगरांनाही होतो, आणि काही घराण्यांत तो जास्त दिसतो.

ओळखायला घाम कुठे आहे ते हाताने चाचपावं. आयाळीखाली, कानामागे, मागच्या पायांच्या मधल्या भागात थोडा ओलावा आणि बाकी अंग कोरडं, हे या आजाराचं नेहमीचं चित्र. खात्रीसाठी डॉक्टर त्वचेत टर्ब्युटालिन या औषधाचा अगदी थोडा अंश टोचतात आणि तेवढ्या जागी घाम येतो का ते पाहतात. उपचार म्हणून घोड्याला बिअर पाजण्याचा प्रकार बाहेर देशांत बराच चालतो. त्याचा उपयोग होतो असा पुरावा नाही, आणि शिंगराला दारूचा थेंबही देऊ नये.

"अंग तापलंय, म्हणजे ताप आहे, तापाचं इंजेक्शन द्या"

इथे थोडं थांबायला हवं, कारण बहुतेक घोटाळा इथेच होतो.

ताप आणि उन्हाने तापणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जंतुसंसर्गात मेंदूच शरीराचं तापमान मुद्दाम वर चढवतो. तापाची औषधं त्या हुकमावर काम करतात. उन्हाने तापलेल्या शरीरात असा हुकूम नसतोच. आत तयार होणारी आणि बाहेरून येणारी उष्णता निघून जात नाही, एवढंच झालेलं असतं. तिथे तापाचं इंजेक्शन काही करत नाही. उलट पाणी कमी पडलेल्या शिंगराच्या मूत्रपिंडांना आणि जठराला त्यातून इजा होऊ शकते.

थर्मामीटरशिवाय कुणीही अंदाज करू नये. शिंगराचं गुदद्वारातलं तापमान साधारण 99 ते 102 फॅरनहाइट, म्हणजे 37.2 ते 38.9 सेल्सिअस असतं. ते आपल्यापेक्षा थोडं जास्तच, त्यामुळे हात लावून 'गरम लागतंय' याला अर्थ नाही. थर्मामीटरला दोरी बांधून ठेवावी, म्हणजे आत जाण्याची भीती राहत नाही. आकडा वर असला तर शिंगराला घोडीसकट सावलीत, पंख्याखाली आणून पाणी घालावं आणि अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा मोजावं. खाली आला आणि खालीच राहिला, तर कारण ऊन. पहाटेच्या गारव्यातही आकडा चढलेलाच असेल, तर आजार शोधायला हवा.

आता ती गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एक ते सहा महिन्यांच्या शिंगरांना धुळीच्या पागांमध्ये ऱ्होडोकॉकस इक्वी नावाच्या जंतूमुळे न्यूमोनिया होतो. त्यावरची नेहमीची औषधं म्हणजे एरिथ्रोमायसिनच्या कुळातली प्रतिजैविकं, सोबत रिफॅम्पिसिन. जीव वाचवणारीच औषधं आहेत ती. पण या कुळातल्या औषधांनी शिंगराचा घाम कमी होतो, हे तपासून सिद्ध झालेलं आहे. म्हणजे न्यूमोनियातून बरं होऊ लागलेलं शिंगरू दुपारी आईबरोबर मोकळं सोडलं, तर ते उन्हात 41 अंशांपर्यंत तापू शकतं. मालकाला वाटतं ताप उलटला, औषध कमी पडतंय. आणि मात्रा वाढवायची मागणी होते. अशा शिंगराला औषध चालू असेपर्यंत, आणि ते बंद केल्यावरही काही दिवस, दिवसा उन्हात सोडायचं नाही, हा साधा नियम आहे. औषधाची चिठ्ठी लिहून घेताना डॉक्टरांना हा प्रश्न मालकाने स्वतः विचारावा.

"गरम अंगावर गार पाणी ओतलं तर लकवा मारतो"

पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली भीती आहे. साईस म्हणतात, आधी घाम सुकू द्या, मग ओल्या फडक्याने पुसा. कळवळ्याने सांगतात ते, पण तोवर मौल्यवान वेळ जातो.

1996 च्या अटलांटा ऑलिंपिकच्या तयारीत दमट उन्हात पळणाऱ्या घोड्यांवर बरेच अभ्यास झाले. तापलेल्या घोड्यांवर थंडगार पाणी भरपूर ओतलं, स्नायू आखडले नाहीत, आणि तापमान झपाट्याने उतरलं. पुढे टोकियोच्या स्पर्धांत तर बर्फाचं पाणी सर्रास वापरलं गेलं.

शिंगरासाठी रीत तीच, फक्त नजर जास्त. नळाचं पाणी मानेवर, छातीवर, पाठीवर, पोटाखाली, मागच्या पायांच्या आतून ओतत राहायचं. नाकातोंडात जाऊ द्यायचं नाही. अंगावरचं पाणी निथळून काढण्यात वेळ घालवू नये, गरम झालेल्या पाण्यावर नवं गार पाणी पडत राहावं. समोर पंखा असला तर फारच चांगलं. ओला टॉवेल किंवा गोणपाट अंगावर टाकून ठेवू नये. थोड्याच वेळात ते गरम होतं आणि वाफ अडवून धरतं. दर पाच-दहा मिनिटांनी मोजत राहावं आणि 39 च्या आसपास आलं की थांबावं. लहान अंग जितकं लवकर तापतं तितकंच लवकर निवतं. त्यातही जन्माला आठवडाही न झालेलं शिंगरू गरजेपेक्षा जास्त थंड होऊन थरथरू शकतं. 40.5 च्या वर आकडा असेल, झोकांड्या जात असतील किंवा शिंगरू उठत नसेल, तर एकाने पाणी ओतावं आणि दुसऱ्याने डॉक्टरांना फोन लावावा. आधी फोन, मग पाणी, असं करू नये.

"तबेल्यात बांधलंय, म्हणजे सावलीत आहे"

पत्र्याच्या छपराखाली, तीन बाजूंनी बंद तबेल्यात दुपारी दोन वाजता उभं राहून पाहावं. सावली तेव्हाच कामाची, जेव्हा तिच्यात वारा खेळतो. चिंचेच्या किंवा वडाच्या झाडाखालची मोकळी जागा अशा तबेल्यापेक्षा कितीतरी बरी. पत्र्यावर गवताचा किंवा नारळीच्या झावळ्यांचा थर, भिंतीत आरपार झरोके आणि पिलाच्या उंचीवर फिरणारा पंखा, एवढ्याने फरक पडतो.

बेंगळुरूत वळवाची एक सर येऊन गेली की सगळ्यांना हायसं वाटतं. शिंगराच्या बाबतीत दुसऱ्या दिवशी सावध राहावं. ओल्या जमिनीवर ऊन पडून हवा दमट झाली की घाम वाळत नाही, आणि वाळला नाही तर त्याने अंग थंडही होत नाही. पारा आदल्या दिवशीपेक्षा खाली असूनही जनावर जास्त धापा टाकतं ते यामुळेच. अशा दिवसांत पहाटे आणि रात्री मोकळं सोडावं, दुपारी नाही.

"घोडीचं दूध उष्ण पडलंय, पाजू नका"

शिंगरू आठवड्या-दोन आठवड्यांचं झालं की पातळ शेण टाकतं, आणि 'उष्णता झाली' म्हणून त्याला आईपासून तोडलं जातं. हे फार चुकीचं आहे. त्या वयात आतड्यांत नवे जिवाणू रुजत असतात, त्यामुळे बहुतेक शिंगरांना थोडे दिवस सौम्य ढाळ होतात. दुधाचा त्यात दोष नसतो. पन्नास किलोचं शिंगरू दिवसाला दहा-बारा लिटर दूध पितं आणि त्यात नव्वद टक्के पाणी असतं. दूध तोडलं की पाणीच तोडलं.

पाण्याची खरी काळजी आईच्या बाजूने घ्यायची. दुभत्या घोडीला उन्हाळ्यात दिवसाला पन्नास लिटर आणि त्याहूनही जास्त पाणी लागतं. तिची टाकी दुपारी कोरडी पडली तर संध्याकाळी कास आटलेली दिसेल. उलट कास तट्ट फुगलेली आणि सडांतून दूध गळतंय असं दिसलं, तर शिंगरू काही तासांपासून पीत नाही हे समजावं. शिंगरू 'झोपून राहिलंय, दमलंय' म्हणून त्याला तसंच पडू देऊ नये. हिरड्या कोरड्या लागतात का, लघवी कमी झाली आहे का, हे पाहावं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवावं. गुरांना नाळीने औषध पाजतात तसं ग्लुकोजचं पाणी किंवा ताक शिंगराच्या घशात ओतू नये. निपचित पडलेल्या पिलाच्या ते सरळ फुप्फुसात जातं. नाकातून नळी घालून पाणी देण्याचं काम डॉक्टरांचं.

अंगावरची लव कापली तर ऊन चटके देईल, असंही म्हणतात. सावलीत राहणाऱ्या, घाम न येणाऱ्या शिंगराची दाट लव कापून घेतल्याने फायदाच होतो. फक्त पांढऱ्या पट्ट्याखालची गुलाबी कातडी उन्हापासून जपावी.

महाराष्ट्रातल्या भीमथडीसारख्या कणखर तट्टांची शिंगरं धनगरांच्या कळपांबरोबर उन्हातान्हातच वाढतात, मग एवढे लाड कशाला, असं कुणी विचारेल. पण तो कळप झाडाखाली थांबतो, पाण्याच्या काठाने चालतो आणि शिंगरू वाऱ्याला मोकळं असतं. पत्र्याखाली बांधून ठेवलेल्या शिंगराला यातलं काहीच मिळत नाही.

ज्या शिंगराचा घाम एका उन्हाळ्यात आटला, त्याला हवा गार झाल्यावर पुन्हा घाम येऊ लागतो, पण पुढच्या उन्हाळ्यात तोच त्रास परत होऊ शकतो. म्हणून त्याची नोंद ठेवावी, विकताना घेणाऱ्याला ती सांगावी, वाहतूक रात्रीच करावी, आणि पुढच्या वर्षी फेब्रुवारी संपायच्या आत पंखा, पाण्याचा पाइप आणि थर्मामीटर तबेल्यात तयार ठेवावेत.