सुटींतील पुस्तकें : निवडावींत कोणीं आणि कशीं?

मुलांच्या परीक्षा संपण्याच्या सुमारास घरोघरीं प्रवासाच्या तयारीस आरंभ होतो. आगगाडीचीं तिकिटें दोन महिने आधीं काढलेलीं असतात. कोणाकडे किती दिवस राहावयाचें, मुंजीला कोणीं जावयाचें आणि लग्नाला कोणीं, बरोबर लाडू न्यावयाचे कीं चिवडा, या सर्वांचा यथास्थित खल होतो. पुस्तकांचा मात्र होत नाहीं. निघण्याच्या आदल्या रात्रीं कपाट उघडून हाताला येतील तीं दोनतीन पुस्तकें पेटीच्या कोपऱ्यांत कोंबलीं जातात आणि पंधरा दिवसांनीं तीं तशींच, घडी न मोडलेल्या धोतरासारखीं, घरीं परत येतात. मग वडील मंडळी मोबाइलला दोष देतात. त्याचा दोष आहेच, आम्ही तो नाकारीत नाहीं. परंतु ज्या पुस्तकाशीं मुलाची ओळखच कोणीं करून दिलेली नाहीं, तें त्यानें आपण होऊन उचलावें ही अपेक्षा विचित्र होय.

निवड आधीं करावी, म्हणजे निदान पंधरवडाभर आधीं, असें आम्ही म्हणतों त्याचें कारण हेंच. पुस्तक घरांत येऊन चार दिवस टेबलावर पडलें, येतां-जातां कोणीं त्याचीं पहिलीं पांच पानें चाळलीं, कोणीं त्यांतील एखादी हकीकत जेवतांना सांगितली, म्हणजे तें ओळखीचें होतें. पहिल्या प्रकरणांत मन रमलें नाहीं तर तें बदलून आणावयासही अवसर राहतो. प्रवासाला निघाल्यावर हा मार्ग बंद होतो.

किती पुस्तकें न्यावींत याचा हिशेब आम्ही मुलांकडूनच करून घेतों. सावकाश वाचणारास एका पानाला दोन मिनिटें धरलीं तर तासाला ३० पानें होतात. दुपारचे दोन तास वाचावयाचें म्हटलें तर दिवसाला ६०. पंधरा दिवसांच्या मुक्कामांतून प्रवासाचे दोन, लग्नाचे दोन आणि पाहुण्यांचे तीन दिवस वजा केले कीं आठ उरतात. म्हणजे एकंदर ४८० पानें. मध्यम आकाराचीं दोन पुस्तकें, फार तर तीन! तरीही कांहीं उत्साही गृहस्थ बारा पुस्तकांचें ओझें घेऊन निघतात व तें हमालाकडून वाहवितात. अशा ओझ्यानें वाचन वाढत नाहीं. इतकें सारें वाचावयाचें राहिलें, ही टोंचणी मात्र सुटीभर सोबत करते.

आतां मुख्य प्रश्न : निवड कोणीं करावी? शियाळी रामामृत रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ सालीं ते मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले आणि १९३१ सालीं त्यांनीं ग्रंथालयशास्त्राचीं पांच सूत्रें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलीं. त्यांतील एका सूत्राचा आशय असा कीं, प्रत्येक वाचकाला त्याचें असें पुस्तक मिळालें पाहिजे. हें सूत्र ग्रंथालयांसाठीं आहे. परंतु एकत्र कुटुंबाला तें अधिक लागू पडतें, असें आम्हांस वाटतें. ज्या घरांत चार पिढ्यांचीं माणसें एका छपराखालीं नांदतात, तेथें आजोबांनीं सर्वांसाठीं निवडलेलें एक पुस्तक म्हणजे सर्वांना एकाच मापाचा सदरा शिवण्यासारखें आहे.

हा वाद आमच्या परिचयाच्या एका घरीं गेल्या चैत्रांत फार तीव्रतेनें झाला. पंधरा वर्षांच्या नातीनें शाळेतील बाईंच्या सांगण्यावरून हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी गांवीं न्यावयाच्या पुस्तकांत ठेविली होती. आजोबांनीं ती मुकाट्यानें काढून ठेविली. रात्रीं मुलीच्या तें लक्षांत आलें आणि तिनें सरळ विचारिलें, "आजोबा, पुस्तक कां काढलें?" त्यांचें म्हणणें असें कीं, सुटी आनंदाची असते, तींत विधवेच्या केशवपनाची कथा कशाला? शिवाय आपल्याच समाजाची जुनी लक्तरें नव्या पिढीनें पुन्हां कां चिवडावींत? मुलगी रडली नाहीं. पण दोन दिवस आजोबांशीं बोलली नाहीं. त्या घरीं हें पूर्वीं कधीं घडलें नव्हतें. आमचा त्या घराशीं चाळीस वर्षांचा घरोबा. म्हणून तेथें बोलावयाचा अधिकार होता, व आम्ही बोललों.

आम्हीं सांगितलें तें असें. हरिभाऊंनीं 'करमणूक' पत्र १८९० सालीं काढिलें आणि ही कादंबरी त्यांतच क्रमशः येऊं लागली. त्या वेळीं त्यांचें वय अवघें सव्वीस. एका ब्राह्मण घरांतील मुलगी, यमू, आपली हकीकत आपल्याच तोंडानें सांगते : तिचें माहेर, तिचें सासर, तिला लिहावाचावयास शिकविणारा नवरा, आणि त्याच्या मागें तिची झालेली दशा. संमतिवयाचा कायदा झाला १८९१ सालीं. त्यानें वयाची मर्यादा दहावरून बारावर नेली, आणि एवढ्यासाठीं पुण्यांत केवढें वादळ उठलें हें इतिहास जाणणारांस ठाऊकच आहे. म्हणजे ज्या वर्षांत थोर थोर विद्वान् सभांतून शास्त्रार्थ करीत होते, त्याच वर्षांत एक तरुण लेखक आठवड्या-आठवड्याला घरांतल्या माजघरांत काय चाललें आहे तें लिहीत होता. हीं लक्तरें नव्हेत. हा आपल्या पणजीच्या आईच्या घरचा जमाखर्च आहे. तो नातीनें वाचला तर तिला आजोबांचा तिटकारा येईल ही भीति निराधार होय. न वाचतां दुसऱ्या कोणाकडून अर्धवट ऐकला, तर मात्र येण्याचा संभव आहे. आणि खरें सांगावयाचें तर पंधरा वर्षांच्या मुलीला आज घराबाहेर काय काय दिसतें, ऐकूं येतें, याचा विचार केला म्हणजे हरिभाऊंपासून तिचें संरक्षण करण्याचा खटाटोप केविलवाणा वाटतो.

अट एकच घातली : पुस्तक तिनें एकटीनें कोपऱ्यांत बसून वाचावयाचें नाहीं. मूळ वाचकांना तें जसें हप्त्याहप्त्यानें मिळालें, तसें रात्रीं जेवणें झाल्यावर एकेक प्रकरण तिनें मोठ्यानें वाचावें आणि आजोबांनीं ऐकावें. आजोबा म्हणाले, "पाहूं." त्यांच्या तोंडचें 'पाहूं' म्हणजे होकारच, हें त्या घरांत सर्वांना ठाऊक आहे. कादंबरी पंधरा दिवसांत पुरी झाली नाहीं. उरलेली पुढें श्रावणांत झाली असें कळलें. यमूच्या सासरच्या प्रकरणांच्या वेळीं घरांतील थोरल्या काकूंनीं आपल्या आजेसासूबाईंच्या गोष्टी सांगितल्या. त्या त्यांच्या मुलांनींही पूर्वीं ऐकलेल्या नव्हत्या.

या विषयावर पण हलक्या हातानें लिहिलेलें कांहीं हवें असेल, तर लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' न्यावींत. यांचे चार भाग १९३४ ते १९३६ या काळांत प्रसिद्ध झाले. वडिलांच्या अतिरेकी सोवळ्याचें त्यांनीं केलेलें वर्णन वाचतांना हंसावें कीं कळवळावें हें समजत नाहीं. नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारिला. लक्ष्मीबाई पांच वर्षांनीं त्या वाटेनें गेल्या. एवढ्या मोठ्या घालमेलीची हकीकत कोणाहीविषयीं कडू शब्द न काढतां सांगणारें असें दुसरें पुस्तक मराठींत आम्हांस तरी ठाऊक नाहीं. कांहीं जुन्या घरांत लेखिकेच्या धर्मांतरामुळें हें पुस्तक कपाटाच्या मागल्या रांगेंत राहिलें. तें पुढें आणावें.

निवड करतांना आपण कोठें जात आहों हेंही पाहावें, असें आमचें मत आहे. कोंकणांत जाणारांनीं तर गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' विसरूंच नये. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. घरीं कर्ज झालेलें. उत्तरेंत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळेल, असें कानीं आल्यावरून हा गृहस्थ काकांना बरोबर घेऊन १८५७ च्या आरंभीं घरून निघाला. पुढें बंडाचा वणवा पेटला आणि हे दोघे त्यांत सांपडले. झांशीला वेढा पडला तेव्हां विष्णुभट शहरांतच होते. त्यांनीं राणीला पाहिलें, शहर लुटलें जातांना पाहिलें आणि मिळविलेली दक्षिणा एकदां नव्हे, अनेकदां लुटारूंच्या हवालीं केली. अखेर घरीं परतले ते पैशाविना. पण खांद्यावर गंगोदकाची कावड होती आणि त्या पाण्यानें त्यांनीं आईवडिलांस स्नान घातलें. चिंतामणराव वैद्य यांच्या सांगण्यावरून त्यांनीं ही हकीकत लिहिली; ती छापून निघाली मात्र १९०७ सालीं. वैद्यांनीं छापतांना मजकुरांत फेरफार केले होते. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनीं १९६६ सालीं केलेली आवृत्ति वाचावयास मिळाल्यास तीच घ्यावी; भटजींची स्वतःची बोली तींत ऐकूं येते. इतिहासाचें पुस्तक म्हणून मुलाच्या हातीं दिलें तर तो कंटाळेल. कर्ज फेडावयास निघालेल्या आणि युद्धांत सांपडलेल्या एका भिक्षुकाची गोष्ट म्हणून सांगितली तर जेवण टाकून ऐकेल.

देशावर, माणदेशाच्या बाजूस जाणारांस व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' सुचवितों. ही १९५५ सालची लहानशी कादंबरी दोन दुपारींत संपते. धनगरांच्या वाडीवर एक पोरसवदा मास्तर शाळा चालवावयास जातो, एवढेंच तिचें कथानक. जन्मभर हातांत खडू धरिलेला असल्यामुळें आमचा या पुस्तकाकडे पक्षपात आहे, हें वाचकांनीं जमेस धरावें. आणि जे कोठेंच जाणार नाहींत, त्यांनीं दुर्गाबाई भागवतांचें 'ऋतुचक्र' घ्यावें. त्याचे लेख चैत्रापासून महिन्यामहिन्यानें लावलेले आहेत. वैशाखाचा लेख वैशाखांत वाचून अंगणांतील झाडाकडे पाहावें. प्रवासखर्च कांहीं नाहीं.

जेथें जावयाचें तेथें ग्रंथालय आहे कीं काय, याचीही चौकशी करावी. रत्नागिरीचें नगर वाचनालय १८२८ पासूनचें, पुण्याचें नगर वाचन मंदिर १८४८ चें, ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चें. मुक्काम महिनाभराचा असेल आणि आप्तांपैकीं कोणी सभासद असेल, तर घरून ओझें न्यावयाचें कारणच उरत नाहीं. पांचगणी-महाबळेश्वरास जाणारांस वाटेंत भिलार लागतें. स्ट्रॉबेरीच्या या गांवीं २०१७ च्या मे महिन्यांत पुस्तकांचें गांव वसविण्यांत आलें. लोकांनीं आपल्या घरांतील खोल्या वाचकांसाठीं खुल्या केल्या आणि तेथें बसून वाचावें अशी योजना झाली. सहलीच्या एका दिवसांतले दोन तास तेथें घालविल्यास घोड्यावर बसण्याचे पैसेही वांचतील!

आतां ज्यांची चिंता आम्हांस सर्वांत अधिक वाटते, त्या लहान मुलांकडे वळतों. इंग्रजी शाळेंत जाणारीं आमचीं नातवंडें मराठी बोलतात झरझर, पण वाचतांना जोडाक्षरापाशीं थबकतात. दहा वर्षांच्या मुलाला शब्द लावीत लावीत वाचावयाची लाज वाटते, आणि ती लाज लपविण्यासाठीं तो पुस्तकच नको म्हणतो. त्याला आळशी म्हणणें हा अन्याय आहे. अशा मुलाला सुटीपूर्वींच्या पंधरवड्यांत भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' आणून द्यावा. फुरसुंगीचा बनेश फेणे, त्याची सायकल, त्याचे ते उपद्व्याप! पहिलीं दोन प्रकरणें आपण वाचून दाखवावीं आणि तिसऱ्यांत, फेणे मोठ्या संकटांत सांपडला असतां, चष्मा कोठें तरी विसरावा. आमच्या घरीं हा उपाय लागू पडला. चष्मा शोधण्यापेक्षां स्वतः वाचणें बरें, असें नातवानें ठरविलें. 'दुर्दम्य'पाशीं अडला, उठून विचारावयास आला आणि परत धांवत गेला. मात्र अडलेल्या शब्दावरून हंसूं नये, आणि व्याकरण तर मुळींच सांगूं नये. त्यासाठीं जून आहे.

राहतां राहिली घरांतील सून. सुटी म्हणजे इतरांस विश्रांति आणि तिला दुप्पट माणसांचा स्वयंपाक, ही रीत कार्यालयांत जाणाऱ्या सुनेच्या बाबतींतही फारशी बदललेली नाहीं. तिच्यासाठीं पुस्तक निवडण्याआधीं तें वाचावयास वेळ निवडला पाहिजे. आमच्या घरीं यंदा असें ठरलें आहे कीं, दुपारीं दोन ते चार चहा कोणीं मागावयाचा नाहीं. ज्याला हवा त्यानें करून घ्यावा, आणि केलाच तर तिच्यासाठींही करावा. पूर्वीं पापड लाटतांना एकीनें वाचावयाचें आणि बाकीच्यांनीं ऐकावयाचें असा प्रघात कित्येक घरांत असे. आतां पापड दुकानांतून येतात, मग तो वेळ गेला कोठें? सूनबाईंनीं स्वतःसाठीं इरावती कर्व्यांचें 'युगान्त' निवडलें आहे. त्यांतील द्रौपदीवरील लेखावरून आमचा व त्यांचा वाद होणार हें निश्चित आहे. आम्ही मूळ महाभारत पुन्हां काढून ठेविलें आहे.

एक व्यावहारिक गोष्ट सांगावयाची राहिली. पुस्तकें पेटीच्या तळाशीं घालूं नयेत. पाण्याची बाटली आणि खाऊचा डबा ज्या पिशवींत असतो, तींतच तीं ठेवावींत. कारण सुटींतील खरें वाचन गाडींतच सुरू होतें. कोंकण रेल्वे १९९८ सालीं पुरी झाल्यापासून रत्नागिरीकडचा प्रवास सुखाचा झाला आहे. पण बोगद्यांमागून बोगदे येतात आणि करबुड्याचा बोगदा तर साडेसहा किलोमीटरांचा आहे. डब्यांतला दिवा मंद असला कीं वाचणारास तेथें थांबावेंच लागतें. खुणेसाठीं पानांत घालावयास जुनें तिकीट किंवा सुतळीचा तुकडा जवळ असूं द्यावा. पानाचा कोपरा दुमडणाऱ्या मुलांना आम्ही खिडकीची जागा देत नाहीं.