शंभर मैलांची पायवाट

मॅरेथॉन हा शब्द आता आपल्याला नवा राहिलेला नाही. पुण्या-मुंबईपासून सातारा-कोल्हापूरपर्यंत कुठं ना कुठं ती होतच असते. ४२ किलोमीटर १९५ मीटर हे तिचं ठरलेलं अंतर. त्याहून लांबची जी धाव, ती अल्ट्रामॅरेथॉन. ही धाव डांबरी रस्ता सोडून डोंगरातल्या, जंगलातल्या पायवाटेवर झाली, की तिला ट्रेल अल्ट्रा म्हणतात. पन्नास किलोमीटरपासून शंभर मैलांपर्यंत, म्हणजे १६१ किलोमीटरपर्यंत, आणि काही ठिकाणी त्याहूनही पुढं अशा स्पर्धा जातात.

एवढं अंतर कोण धावतं आणि कशासाठी, हा प्रश्न सगळेच विचारतात. ती वाट कोणी आखली, असं मात्र सहसा कुणी विचारत नाही. मी कॉलेजात भूगोल शिकवते आणि गेली काही वर्षं सह्याद्रीतल्या अशाच एका स्पर्धेच्या वाटेवर खुणा लावण्याचं काम करते. स्पर्धेच्या दिवशी शेवटच्या धावपटूच्या मागून चालत येणं आणि वाटेत कुणी मागं राहिलं नाही ना, हे पाहणं हेही माझ्याकडेच असतं. म्हणून आज धावणाऱ्यांपेक्षा त्यांच्या पायाखालच्या वाटेबद्दल चार गोष्टी सांगते.

शंभर मैलांची सर्वांत जुनी ट्रेल स्पर्धा अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात होते. तिचं नाव वेस्टर्न स्टेट्स. गंमत म्हणजे ही वाट मुळात माणसांच्या शर्यतीसाठी नव्हतीच. १९५५ साली वेंडेल रोबी नावाच्या गृहस्थांनी काही सोबत्यांसह सिएरा नेवाडा पर्वतातल्या जुन्या वाटांवरून घोड्यावर बसून एका दिवसात शंभर मैल पार केले. त्यातून घोडेस्वारांची वार्षिक स्पर्धा सुरू झाली. गॉर्डी एन्सली हा त्यातला एक स्वार. १९७३ साली त्याचा घोडा वाटेत लंगडू लागला आणि त्याला स्पर्धा सोडावी लागली. पुढच्या वर्षी, १९७४ साली, तो घोड्याशिवायच आला आणि घोड्यांच्या बरोबरीनं पायी धावत २३ तास ४२ मिनिटांत ऑबर्न गावी पोहोचला.

१९७७ साली माणसांसाठी पहिली रीतसर स्पर्धा झाली. चौदा जण धावले, तिघेच पोहोचले. त्यातला एकच जण २४ तासांच्या आत आला. उरलेल्या दोघांना २८ तासांहून अधिक वेळ लागला. २४ तासांची मुदत घोड्यांच्या हिशेबानं ठरलेली होती. मग माणसांसाठी ती ३० तासांची झाली. आजही २४ तासांच्या आत येणाऱ्याला चांदीचं बक्कल मिळतं आणि त्यानंतर पण ३० तासांच्या आत येणाऱ्याला काशाचं. शर्यतीची वाट सुधारायची म्हणजे फावडं घेऊन निघायचं, असं आपल्याला वाटतं. इथं पहिली मोठी सुधारणा घड्याळात झाली.

हे घड्याळाचं गणित थोडं समजून घेऊ. १६१ किलोमीटर ३० तासांत म्हणजे ताशी साधारण साडेपाच किलोमीटर. सपाटीवर ही झपाझप चालण्याची गती झाली. पण या वाटेवर एकूण चढ सुमारे साडेपाच हजार मीटर आहे आणि उतार सुमारे सात हजार. साडेपाच हजार मीटर म्हणजे समुद्रकाठावरून निघून कळसूबाईच्या माथ्यावर तीन वेळा जायचं आणि वर एकदा सिंहगड चढायचा. शिवाय रात्र, झोप आणि दऱ्यांमधलं जूनचं ऊन आहेच. म्हणून वाटेवरच्या ठरावीक ठाण्यांना आपापली मुदत असते. तिथवर वेळेत पोहोचला नाहीत, तर पुढं सोडत नाहीत. ऐकायला हे कठोर वाटतं. पण थकलेल्या माणसाला पुढच्या निर्जन टप्प्यात रात्री एकट्यानं जाऊ देण्यापेक्षा गाडीरस्ता जवळ असलेल्या ठाण्यावर थांबवणं केव्हाही बरं. म्हणूनच मुदतीचं ठाणं कुठं ठेवायचं हे ठरवताना नकाशावर पहिल्यांदा गाडीरस्ता पाहायचा असतो.

ठाण्यांची दुसरी बाजू पाण्याची. वेस्टर्न स्टेट्सचा पुरुषांचा विक्रम जिम वॉल्म्सलीनं २०१९ साली केला, १४ तास ९ मिनिटांचा. म्हणजे पहिला धावपटू पोहोचून जेवून झोपला, तरी शेवटचा अजून सोळा तास वाटेवर असू शकतो. पुढच्या ठाण्यांवर पाणी, मीठ, खाणं आणि हसतमुख माणसं इतका वेळ पुरवावी लागतात. नुसतं पाणी पुरत नाही, हेही इथं सांगायला हवं. तासन् तास घाम गाळणारा माणूस तहानेपेक्षा जास्त पाणी पीत राहिला, तर रक्तातलं सोडियमचं प्रमाण घटतं. डोकं दुखतं, मळमळतं, बोलण्यात असंबद्धपणा येतो आणि वेळीच लक्ष दिलं नाही तर जिवावर बेतू शकतं. म्हणून ठाण्यावरच्या माणसानं येणाऱ्याच्या हातात पेला देण्याआधी त्याच्याशी दोन वाक्यं बोलावीत. नाव विचारावं, मागचं ठाणं कुठलं होतं ते विचारावं. उत्तर कसं येतं, यावरून बरंच कळतं.

आता वाटेच्या जमिनीकडे वळू. डोंगरातल्या पायवाटेचा खरा शत्रू पाऊल नसतं, पाणी असतं. वाट थेट उतारावरून खाली नेली, की पावसाळ्यात पाणी तीच वाट धरतं. माती वाहून जाते, दगड उघडे पडतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत वाटेचा ओहोळ होतो. मग लोक बाजूनं चालू लागतात, तिथंही गवत मरतं आणि वाट रुंदावत जाते. यावर वाट बांधणाऱ्यांचा एक साधा नियम आहे. डोंगराचा उतार जितका असेल, त्याच्या निम्म्याहून वाटेचा चढ जास्त नसावा. म्हणजे डोंगर शंभर मीटरला तीस मीटर उतरत असेल, तर वाटेनं पंधराहून जास्त चढू नये. सरासरी चढ तर दहाच्या आसपास राहिला तर उत्तम. त्यासाठी वाट आडवी न्यायची, वळणं घ्यायची. वाटेची दरीकडची कड किंचित खाली ठेवायची, म्हणजे पाणी वाटेवरून न वाहता वाट ओलांडून जातं. थोड्या थोड्या अंतरावर हलकासा खोलगट भाग ठेवायचा, तिथं पाणी बाहेर पडतं. जिथं कडाच उभा आहे तिथं दगडी पायऱ्या. आपल्या गडांच्या बांधणाऱ्यांना ही गोष्ट पक्की ठाऊक होती, हे जुन्या पायऱ्यांवरून दिसतंच.

ही जाण आमच्या भागातल्या माणसांकडेही आहे. सिंहगडाच्या कल्याण दरवाजाकडून उतरून विंझरच्या बाजूनं राजगड आणि पुढं तोरणा, ही ट्रेकर मंडळींची जुनी आवडती वाट. तिथल्या एका उतारावर आम्ही सरळ खाली जाणारी जवळची वाट निवडत होतो, तेव्हा गुरं राखणारे एक आजोबा म्हणाले, ‘‘बाई, ही पावसाची वाट हाय, माणसाची न्हाई. माणसाची तिकडनं जाती.’’ आम्ही त्यांच्या वाटेनं गेलो. अंतर थोडं वाढलं, पण पावसाळ्यानंतर पाहिलं तेव्हा त्यांची वाट जागेवर होती आणि आमच्या मनातली वाट दगडांनी भरली होती. तेव्हापासून नकाशा आधी गावात दाखवायचा, हा शिरस्ता आम्ही पाळतो. खासगी शेतातून, देवराईजवळून, आग्या मोहोळाच्या कड्याखालून वाट जात असेल, तर तेही गावातच कळतं.

राजगडाच्या संजीवनी माचीवरून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणारी डोंगराची सोंड नकाशावर फार सुंदर दिसते. प्रत्यक्षात तिथं पाण्याचा भरवसा नाही, सावली थोडी आणि वाट एकामागं एक जाण्याइतकीच. तिथं ठाणं कुठं ठेवणार? मधल्या खिंडीत, जिथं गाडी येते तिथं. आणि माणसं किती सोडणार? अरुंद माचीवर उभं राहायला जागा असेल तितकीच.

माणसांच्या संख्येची ही मर्यादा वेस्टर्न स्टेट्सनंही मानली आहे. तिच्या वाटेचा सुरुवातीचा भाग १९८४ साली संरक्षित अरण्यात गेला. तिथं अशा स्पर्धांना मुभा नसते. ही स्पर्धा आधीपासून चालू होती म्हणून तिला परवानगी मिळाली, पण धावपटूंची संख्या ३६९ वर बांधून देऊन. हजारो अर्ज येतात, सोडत निघते. शिवाय धावणाऱ्यानं वाटेच्या दुरुस्तीसाठी किंवा एखाद्या स्पर्धेच्या मदतीसाठी आठ तासांचं श्रमदान केलेलं असावं, अशी अट आहे. ही अट आपण उचलावी अशी आहे. ज्यानं एकदा वाटेवरचा दगड हलवला, तो वळण टाळून आडवाटेनं धावत नाही.

चांगल्या आखणीत पर्यायी वाटही तयार असते. वेस्टर्न स्टेट्समध्ये ७८ व्या मैलावर अमेरिकन नदीचं पात्र ओलांडावं लागतं. दोर बांधलेला असतो, त्याला धरून धावपटू पाण्यातून जातात. पाणी जास्त असलं, की त्यांना तराफ्यांतून पलीकडे नेतात. बर्फ जास्त पडलेल्या वर्षी सुरुवातीची वाट बदलतात. २०१० आणि २०११ साली तसं केलं होतं. आणि २००८ साली वणवे पेटले, तेव्हा स्पर्धा रद्दच केली. रद्द करण्याचा अधिकार कुणाचा आणि तो केव्हा वापरायचा, हे आधी लिहून ठेवलेलं असावं लागतं.

ते का, याचं उत्तर चीनमधल्या गान्सू प्रांतात मिळतं. २२ मे २०२१ रोजी तिथं शंभर किलोमीटरची डोंगरी स्पर्धा होती. १७२ जण धावत होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या ठाण्याच्या दरम्यान सुमारे हजार मीटरचा चढ होता. त्या टप्प्यात गाडी पोहोचत नव्हती. दुपारी गारा, बर्फासारखा पाऊस आणि सोसाट्याचा वारा आला. वारा अडवणारं जाकीट जवळ बाळगण्याची सक्ती नव्हती, त्यामुळे कित्येक जण पातळ कपड्यांत होते. एकवीस धावपटू गारठून गेले. एका मेंढपाळानं सहा जणांना आपल्या गुहेत नेऊन शेक दिला, म्हणून ते वाचले. मृतांत नवखेच होते असं नाही, देशातले नावाजलेले धावपटूही होते. सर्वांत अवघड टप्प्यात मदत सर्वांत दूर, ही आखणीतली उणीव होती आणि वादळानं ती उघडी पाडली. तेव्हापासून कुठलीही वाट पाहताना आम्ही एकच प्रश्न आधी विचारतो: इथं एखाद्याचा पाय मोडला, तर तो खाली कसा येईल आणि किती वेळात? उत्तर नसेल, तर तो टप्पा कितीही देखणा असला तरी गाळायचा.

खुणांचंही एक शास्त्र आहे. आम्ही चुन्याची फक्की आणि कापडी फिती वापरतो. वळणाच्या आधी एक, वळणावर तीन आणि वळून गेल्यावर पुन्हा एक. ही शेवटची फीत सर्वांत मोलाची, कारण ‘मी बरोबर आहे’ हे ती सांगते. चुकीच्या फाट्यावर फक्कीची आडवी रेघ मारायची. फिती दिवसा लावल्या, तरी रात्री विजेरी घेऊन पुन्हा फिरायचं, कारण दिवसा ठळक दिसणारी खूण अंधारात नाहीशी होते. प्रकाश परतवणारी पट्टी त्यासाठीच लागते. गडाच्या दगडावर मात्र रंगाचा ठिपकाही द्यायचा नाही. २०२५ साली राजगडासह बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. पण त्याआधीही हे पथ्य हवंच होतं.

स्पर्धा संपली, की खरं काम सुरू होतं. प्रत्येक ठाण्यावरच्या वेळांचे तक्ते समोर मांडायचे. एखाद्या टप्प्यात सगळेच अपेक्षेपेक्षा उशिरा आले असतील, तर तिथं रांग लागली असणार. काही जणांनाच जास्त वेळ लागला असेल, तर तिथं लोक चुकले असणार. शेवटून येणाऱ्यांचं म्हणणं मी आधी ऐकते. पहिल्या दहांना वाट उजेडात, मोकळी आणि ताज्या खुणांची मिळते. शेवटच्यांना ती अंधारात, तुडवलेली आणि गुरांनी फिती खाल्लेली मिळते. २०१५ साली वेस्टर्न स्टेट्समध्ये गुनहिल्ड स्वॉन्सन या सत्तर वर्षांच्या बाई २९ तास ५९ मिनिटं ५४ सेकंदांत, म्हणजे मुदतीला सहा सेकंद उरले असताना पोहोचल्या. वाटेवर कुठं एक फीत गळलेली असती आणि त्या क्षणभर थबकल्या असत्या, तर हे घडलं नसतं.

आपल्यापैकी बरेच जण धावणार नाहीत, पण डोंगरात जातात. त्यांना एवढंच सांगते. वळणं तोडून सरळ उतरू नका. वाटेवर दगड रचून पाणी बाहेर काढलेलं दिसलं, तर ते दगड हलवू नका. आणि एखाद्या झाडावर मागच्या वर्षीची फीत राहून गेलेली दिसली, तर ती सोडून खिशात घाला. पुढच्या वर्षीची वाट कदाचित तिथून जाणार नसेल.