अजिंठ्याची लाख आणि कापसाचा बोळा

संग्रहालयात चित्रं जपणाऱ्या माणसाच्या हातात ब्रशपेक्षा जास्त वेळ असतो तो काडीला गुंडाळलेला कापसाचा बोळा. ज्या हिंगणघाटचा कापूस एकेकाळी विलायतेच्या बाजारात गावाच्या नावानं ओळखला जायचा, तिथल्या विज्ञान शाखेच्या मुलांनी या पेशाकडे जरूर पाहावं.

कारण हे काम निम्म्याहून अधिक रसायनशास्त्राचं आहे. अजिंठ्याचंच पाहा. निजाम सरकारनं १९२० च्या सुमारास चेकोनी आणि ओर्सिनी हे इटालियन तज्ज्ञ बोलावले. सुटत चाललेला गिलावा त्यांनी भिंतीला पुन्हा धरवला, हे उपकारच. पण चित्रांवर लाखेचं व्हार्निशही चढलं. लाख आपल्या ओळखीची; पळस, कुसुम, बोरीच्या फांद्यांवर किडे तयार करतात ती राळ. ताजी असताना स्पिरिटमध्ये सहज विरघळते. वर्षं लोटतात तसे तिचे रेणू एकमेकांत गुंततात, थर पिवळा-तपकिरी पडतो आणि स्पिरिटलाही दाद देईनासा होतो. त्याखालचा निळा रंग हिरवट दिसू लागतो. पुढे पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना तो थर उतरवण्याचं जिकिरीचं काम करावं लागलं.

असा थर उतरवताना आधी चित्र अतिनील दिव्याखाली पाहतात. जुनी लाख नारिंगी चमकते. मग एखाद्या कोपऱ्यात, नखाएवढ्या जागेवर द्रावक तपासायचं. बोळा घासायचा नाही, हलका फिरवायचा आणि दर वेळी उलटून बघायचा. पिवळा डाग आला तर व्हार्निश निघतंय. निळा-तांबडा दिसला, की हात तिथेच थांबला पाहिजे. आज जे लावायचं, ते उद्या मूळ रंगाला धक्का न लावता काढता यावं, हा या पेशातला मोठा दंडक आहे.

आपल्याकडच्या हवेत तर कॅनव्हासवरच्या तैलचित्रांचे फार हाल होतात. मे महिन्यात कापडावरचा सरस सुकून आकसतो, पावसाळ्यात ओल धरतो. वाळून कडक झालेला रंग या ओढाताणीत तडकतो. घरातलं जुनं तैलचित्र ओल्या फडक्यानं कधीही पुसू नका!

रसायनशास्त्राची पदवी आणि चित्रकलेचा हात, दोन्ही असतील तर उत्तमच. लखनौला १९७६ पासून केंद्र सरकारची संवर्धन प्रयोगशाळा आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कला-संवर्धन केंद्र आहे. आणि नागपूरचा अजब बंगला, म्हणजे तिथलं संग्रहालय, तर हिंगणघाटहून सकाळी निघून संध्याकाळी परतण्याइतका जवळ.