चेहऱ्यावरचे खड्डे : काम चालू आहे!

आमच्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये तिन्ही बाजूंनी आरसे आहेत आणि छताला, बरोब्बर डोक्यावर, चार पांढरे दिवे. हे डिझाइन ज्याने कोणी केलं त्याला आयुष्यात एकही पिंपल आला नसावा! उजेड समोरून पडला तर माझा चेहरा बरा दिसतो. तोच वरून पडला की एकेका खड्ड्यात सावली साचते आणि गाल थेट पावसाळ्यातल्या पुण्याच्या रस्त्यासारखा दिसायला लागतो. सहाव्या मजल्यावर पोहोचायला ही लिफ्ट बावीस सेकंद घेते. मोजलेत मी. आणि हे बावीस सेकंद मी कायम मोबाइलमध्ये डोकं घालून उभा असतो.

हॉटेलात गेलो की खिडकी बाजूला येणार नाही अशी खुर्ची पकडायची. ग्रुप फोटोत डावा गाल पुढे. आणि दाढी... लोकांना वाटतं स्टाइल आहे. स्टाइल कसली बॉस, झाकण आहे ते! फक्त कानशिलावर दाढी उगवत नाही, आणि माझे निम्मे खड्डे नेमके तिथेच.

तुम्हीही असलं काही गुपचूप करत असाल, तर या विषयावर मी घालवलेली वर्षं आणि पैसे तुमच्या उपयोगी पडोत.

सुरुवात सांगलीत झाली, अकरावीत. तारुण्यपीटिका! इतक्या देखण्या शब्दाचा इतका वाईट उपयोग दुसरा नसेल. आई रोज रात्री सहाणेवर जायफळ उगाळून लावायची. शेजारच्या काकूंनी लिंबू सांगितलं, होस्टेलवर रूममेटने टूथपेस्ट. लिंबू लावून उन्हात क्रिकेट खेळलो आणि गालावर जो काळा पट्टा उमटला तो दिवाळीपर्यंत गेला नाही. आमचे आबा मात्र मजेत असायचे. त्यांना लहानपणी देवी आल्या होत्या, सगळ्या तोंडावर वण होते. (देशातला देवीचा शेवटचा स्थानिक रुग्ण मे १९७५ मधला. त्यामुळे आपल्या पिढीने असे चेहरे फारसे पाहिलेच नाहीत.) मी आरशासमोर रडवेला होऊन उभा राहिलो की आबा म्हणायचे, "माझं तोंड बघ की. तुझी आजी काय पळून गेली का?" पण त्यांच्या तरुणपणी गावात असे चेहरे घरटी दिसायचे. माझ्या वर्गात मी एकटा होतो.

ती जादूची ट्यूब

२०१३. पुण्यात पहिली नोकरी. रूमखालच्या मेडिकलवाल्याने न विचारता एक ट्यूब पुढे केली. "ही लावा दादा, पिंपल पण जातात, चेहरा पण उजळतो. सगळे हीच नेतात."

आणि खरंच हो! आठ दिवसांत पिंपल्स बसले, पंधरा दिवसांत रंग उजळला. ऑफिसात एका मुलीने विचारलं, "काय लावतोस रे?" मी हवेत! मग एका शनिवारी ट्यूब संपली आणि सोमवारी चेहरा लालभडक. पाण्यानेही झोंबायचं. पुन्हा ट्यूब आणली, पुन्हा शांत. असं चार महिने चाललं.

त्या ट्यूबमध्ये तीन औषधं होती : हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. यातलं शेवटचं म्हणजे स्टिरॉइड. असं तिहेरी मिश्रण डॉक्टर वांगासाठी देतात, तेही ठरावीक आठवडे आणि लक्ष ठेवून. पिंपल्सवर मनाने लावत बसलं की स्टिरॉइड सूज दाबतं, म्हणून आधी चमत्कार वाटतो. मागून कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, लव वाढते आणि पिंपल्स दुप्पट जोराने उलटतात. आपल्याकडे हे इतकं झालं की भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला नावच दिलं, 'टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस'. शेवटी मार्च २०१८ मध्ये सरकारने चौदा स्टिरॉइड्सची लावायची औषधं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. कागदावर.

मी ट्यूब सोडली तेव्हा दीड महिना चेहरा भाजल्यासारखा होता. मोठमोठ्या गाठी आल्या, दुखायच्या, आणि मी त्या फोडायचो. रात्री, ट्यूबलाइटखाली, नखांनी. आज जे वण आहेत त्यातले बरेचसे त्या दीड महिन्याचे आहेत.

मॅडमनी गाल ताणला

त्यानंतर जवळपास सहा वर्षं मी काहीच केलं नाही. जुलै २०१९ मध्ये धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं, डिसेंबरची तारीख निघाली, आणि माझ्या डोक्यात एकदम आलं की आता चारशे फोटो निघणार! गेलो स्किन स्पेशालिस्टकडे.

मॅडमनी टेबललॅम्प बाजूने धरला (माझा सगळ्यात मोठा शत्रू!) आणि दोन बोटांनी गाल ताणला. काही खड्डे ताणल्याबरोबर गायब झाले, काही तसेच राहिले. तपासणी एवढीच. पण मी ज्याला इतकी वर्षं सरसकट 'डाग' म्हणत होतो, त्यात वेगवेगळ्या भानगडी आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

काळपट ठिपके हा वण नव्हेच. पिंपल बरा होताना तिथे रंगद्रव्य जास्त साचतं, आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या कातडीत तर फारच. तो रंग काही महिन्यांत आपोआप फिका होतो, फक्त उन्हापासून जपावं लागतं. खरा वण म्हणजे आतला पाया खचणं. पिंपलची सूज खोलवर गेली की तिथलं कोलाजेन नष्ट होतं आणि वरची कातडी खाली बसते. टाचणीने टोचल्यासारखं अरुंद आणि खोल भोक असेल तर त्याला 'आइस-पिक' म्हणतात, सरळ कडांचा उथळ खड्डा म्हणजे 'बॉक्सकार', आणि गादी दबल्यासारखी लाटालाटांची जागा म्हणजे 'रोलिंग'. माझ्याकडे तिन्ही होते. फुल पॅकेज!

"लग्नाच्या आत होईल ना?" मी विचारलं.

"कुणाचं लग्न?"

"बहिणीचं."

"मग तुमच्याकडे कोण बघणार आहे?" त्या हसल्या आणि मग सीरियस होऊन म्हणाल्या, "तुम्हाला अजून पिंपल्स येतायत. आधी ते थांबवू. गळती चालू असताना प्लॅस्टर कशाला करायचं?"

मला तेव्हा राग आला होता. पण या सगळ्या प्रकारात मला मिळालेलं सगळ्यात किमती वाक्य हेच. वणांवरचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे सुजलेले, दुखरे पिंपल्स वेळेत आटोक्यात आणणं. मी आठ वर्षं उशीर केला होता.

सुरू झालं आयसोट्रेटिनॉइन. अमेरिकेत १९८२ पासून वापरात असलेली गोळी, तेलग्रंथी आकसून टाकणारी. सहा महिने घेतली. ओठ इतके फुटायचे की मीटिंगमध्ये लिप बाम लावताना टीमने टिंगल केली. अधूनमधून लिव्हर आणि कोलेस्टेरॉलच्या रक्ततपासण्या. गोळ्या चालू असताना आणि संपल्यावर एक महिना रक्तदान बंद, कारण ते रक्त गरोदर बाईला गेलं तर बाळाला धोका. त्याच कारणाने मुलींनी ही गोळी घेताना आणि नंतर महिनाभर गर्भ राहू द्यायचा नाही म्हणजे नाही. मैत्रिणीची उरलेली स्ट्रिप मागून आणणाऱ्यांनो, ऐकताय ना?

गोळ्या जानेवारी २०२० मध्ये संपल्या. पूर्वी या गोळ्यांनंतर कुठलीही प्रोसिजर करायला सहा महिने थांबवायचे. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी सांगितलं की वरवरचे पील आणि काही लेसर यांसाठी एवढं थांबायला पुरेसा पुरावा नाही. पण आमची चर्चा तिथवर येईपर्यंत मार्च उजाडला आणि देशच थांबला.

एक कबूल करतो. मास्कच्या त्या काळात जग घाबरलेलं होतं आणि मी मात्र पहिल्यांदा समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलत होतो. मास्क उतरवायची वेळ आली तेव्हा मला धडकी भरली. २०२१ च्या शेवटी पुन्हा मॅडमची अपॉइंटमेंट घेतली ती त्या भीतीनेच.

टूथपिक, सुई आणि कर्रर्र

पहिलं सिटिंग बघून मी हसलो होतो. एवढं मोठं क्लिनिक आणि मॅडमच्या हातात काय, तर टोकदार लाकडी टूथपिक! टोक कडक टीसीए आम्लात बुडवायचं आणि फक्त आइस-पिकच्या भोकात टेकवायचं. दहा-पंधरा सेकंदांत तिथे पांढरा ठिपका उमटतो, सॉलिड चुरचुरतं, मग खपली धरते आणि भोक तळातून हळूहळू भरत येतं. ही युक्ती २००२ मध्ये कोरियातल्या डॉक्टरांनी मांडली. दिसायला सोपी आहे, पण थेंब बाजूला ओघळला तर नवा वण हमखास. घरी करायचा प्रकार हा नव्हे.

रोलिंगसाठी सबसिजन. यात खचलेल्या कातडीला खालून धरून ठेवणारे तंतू सुई आत सरकवून तोडतात. न्यूयॉर्कच्या ऑरेन्ट्राइक पितापुत्रांनी १९९५ मध्ये ही पद्धत मांडली. (यातले वडील नॉर्मन म्हणजे केसरोपणाचे आद्य गुरू. एका घरात किती लोकांचे आरसे सुधारावेत!) भूल दिलेली असल्याने दुखत नाही, पण कानाजवळ, आपल्याच गालातून कर्रर्र आवाज येतो. तो मी विसरणार नाही. नंतर आठवडाभर गाल काळानिळा. ऑफिसात सांगितलं, बाइकवरून पडलो.

मग मायक्रोनीडलिंग. त्याचा रोलर केप टाउनच्या डेस्मंड फर्नांडिस या प्लॅस्टिक सर्जनने लोकप्रिय केला. बारीक सुयांनी शेकडो भोकं पाडायची म्हणजे कातडी दुरुस्तीला लागते आणि नवं कोलाजेन बनवते. बधिर करणारं क्रीम लावून पाऊण तास बसायचं, नंतर चेहऱ्यावर रक्ताचे बारीक टिपके. दीड महिन्याच्या अंतराने माझी पाच सिटिंग्ज झाली. हाच रोलर ऑनलाइन तीनशे रुपयांना मिळतो. माझ्या एका मित्राने मागवला, चालू पिंपल्सवर फिरवला, इन्फेक्शन सगळ्या गालावर पसरवलं आणि वर तो रूममेटला वापरायला दिला! रक्त लागलेली सुई शेअर करतोय हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

लेसरबद्दल मीच हट्ट धरला होता. २००४ मध्ये आलेल्या फ्रॅक्शनल तंत्राने सगळी कातडी एकदम न भाजता ठिपक्याठिपक्यांनी भाजतात, मधली शाबूत कातडी जखम लवकर भरून काढते. चांगलं काम करतं. पण आपल्या रंगाच्या कातडीवर जास्त जोराने मारलं तर ठिपक्यांच्या जागी काळेपणा येतो आणि तो महिनोन् महिने टिकतो. म्हणून मॅडमनी दोनच सिटिंग्ज केली, कमी पॉवरवर. "पंचतारांकित सेंटरच्या ऑफरमधे दहा आहेत," मी म्हटलं. "त्यांना चेहरा दहादा मिळेल, तुम्हाला एकच आहे," त्या म्हणाल्या.

सगळ्यांचे वण खचलेलेच असतात असं नाही. माझ्या बॅचमधल्या एकाच्या छातीवर आणि खांद्यावर पिंपल्सच्या जागी टणक, खाजणाऱ्या गाठी उठल्या. केलॉइड. त्याने त्या कापून टाकायचं ठरवलं होतं. नुसत्या कापल्या तर बरेचदा आणखी मोठ्या होऊन परत येतात. त्यावर गाठीच्या आत इंजेक्शन देतात, आणि गंमत बघा, ते असतं स्टिरॉइडचं! ज्या औषधाने माझा चेहरा बिघडवला, त्याने त्याच्या गाठी बसवल्या.

मग, गेले का?

नाही. मला वाटलेलं, गाल गुळगुळीत होईल. तसं काही झालं नाही. नवं कोलाजेन बनायला प्रत्येक वेळी तीन ते सहा महिने लागतात, त्यामुळे आरशात रोज बघणाऱ्याला काही कळत नाही. दीड वर्षानंतर मॅडमनी आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवला, त्याच लॅम्पखाली. रोलिंगच्या लाटा जवळपास गेल्या होत्या. बॉक्सकार निम्मे उथळ झाले होते. उजव्या कानशिलावरची पाच-सहा भोकं आहेत तिथेच आहेत, हट्टी. सगळं मिळून खर्च साठ हजारांच्या थोडा वर, आणि रोजचं सनस्क्रीन वेगळं. इन्शुरन्सने एक रुपया दिला नाही, कारण त्यांच्या लेखी हे 'कॉस्मेटिक'.

पैसे वसूल झाले का, हे मला अजून सांगता येत नाही. दाढी मात्र मागच्या वर्षी काढली. लिफ्टमध्ये अजूनही मोबाइल बघतो, पण बहुतेक सवयीने.

हा लेख लिहीत असतानाच मावसभावाचा मेसेज आला. तो सांगलीतच, बारावीला. सोबत एका ट्यूबचा फोटो. "दादा, भारी आहे ही. पाच दिवसांत सगळं साफ!" मी फोटो मोठा करून मागची बारीक अक्षरं वाचली. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. लगेच फोन लावला. मावशीने उचलला.

"अरे, मेडिकलवाल्यानंच दिली की. तो काय वाईट देईल होय?"

"मावशी, मलाही मेडिकलवाल्यानेच दिली होती."

ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "मग काय लावू? जायफळ?"

"जायफळ पण नको. शनिवारी येतोय मी. मिरजेत स्किनवाल्यांची अकराची वेळ घेतलीय."

मावशी म्हणाली, मीही येते. मागून त्याचा आवाज आला, "आई नको. दादा, तूच चल."